भिंतीवरची मासळीवाली

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे, परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई ज्या विषयाचा तास मागून घ्यायच्या, तो विषय माझा. त्यामुळे आपल्या चित्राकडे कुणी बघत नाही याची मला सवय होती. बघितलं तर काय होतं, ते निवृत्तीनंतर कळलं, आणि त्याचा वैताग अजून उतरलेला नाही.

गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला, शांती नगरात आलो त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या सेक्टरच्या टोकाला नाल्यावरचा छोटा पूल आहे, आणि पुलाला लागून एक पंपघर. पंप कधीचा बंद आहे, पण घर आहे आणि त्याची रस्त्याकडची लांब भिंत आहे. एकदा दिवाळीनंतर आमच्या वॉर्डातल्या काही उत्साही मंडळींनी भिंती रंगवायचं काढलं. त्यांनी रंगाचे डबे आणून दिले आणि म्हणाले, "मॅडम, ही भिंत तुमची. काय काढायचं ते काढा." असं मला शाळेतसुद्धा कुणी कधी म्हणालं नव्हतं.

त्या भिंतीच्या सावलीत भाईंदरच्या मोरवा गावातली एक मासळीवाली बसायची. मी मीरा रोडला आल्यापासून तिच्याकडूनच मासे घ्यायचे. वयाने माझ्याच बरोबरीची, आवाज खणखणीत. आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायचो. तिचा बाप मिठागरावर कामाला होता. लहानपणी बांधावरून पाय घसरून ती फावड्यावर पडली होती, त्याची खूण डाव्या भुवईवर होती. भुवई तिथे दोन तुकड्यांत तुटलेली. मला चेहऱ्यातलं ते फार आवडायचं.

मी तिला म्हटलं, "तुझंच चित्र काढते. बस अशीच."

"माजं? माजं काय काडतंस? मी काय नटी हाय?"

पण बसली. गिऱ्हाईक आलं की हलायची, परत बसायची. मी तिला उभी काढली, भिंतभर उंचीची. कमरेवर बोंबलांची पाटी, हातात मासे कापायचा कोयता, आणि मागे तिच्या बापाच्या मिठागरातल्या मिठाच्या पांढऱ्या राशी. तिने एकच मागणी केली. "मना नथ घाल. लग्नातली इकली मी." मी नथ घातली. आमचे हे खाली स्टूल धरून उभे असायचे आणि "पडशील, पडशील" म्हणायचे. चित्र पुरं झालं तेव्हा ती लांब जाऊन बघून आली. "नाक मोटं झायलंय," म्हणाली, आणि त्या दिवशी मला कोलंबी फुकट दिली.

काही महिने चित्र नुसतं चित्र होतं. लोक त्याच्याखाली स्कूटर लावायचे.

मग एके दिवशी सकाळी भिंतीच्या खिळ्याला झेंडूची माळ दिसली. मला वाटलं, कुणाच्या तरी वाहनाची पूजा झाली असेल, उरलेली लावली. आणखी काही दिवसांनी खाली उदबत्ती खोचलेली होती. मी मासळीवालीला विचारलं, तर तिलाही माहीत नव्हतं. तिला बरं वाटत होतं, एवढंच. "वास जातो मासलीचा," म्हणाली.

आणि मग व्हिडिओ आला.

तो मला पाठवला आमच्याच ह्यांनी. मी स्वयंपाकघरात होते, हे दिवाणखान्यात. तिथून मला फोनवर पाठवला आणि वर ओरडून सांगितलं, "अगं, बघ तरी. आपल्या इथलं आहे!"

व्हिडिओत आधी ढोल, मग घोडबंदरचा किल्ला आकाशातून, मग खाडी, आणि एक जाड, थरथरता आवाज. इतिहासाने दडवून ठेवलेली एक वीरांगना. शत्रू होड्यांतून खाडीने किल्ल्याकडे येत होता, गावातले पुरुष बाहेर गेले होते, आणि एक साधी कोळीण हातातलं हत्यार घेऊन बांधावर एकटी उभी राहिली. शत्रू कोण, हे नीट सांगितलेलं नव्हतं. ती जागा रिकामी ठेवली होती, ज्याने त्याने आपापल्या सोयीने भरावी म्हणून, आणि खालच्या कमेंटमध्ये लोकांनी ती भरलीही होती. मग कॅमेरा हळूहळू माझ्या चित्राकडे आला. "एका जुन्या भिंतीवर आजही तिचं हे प्राचीन चित्र उभं आहे." भुवईवर तलवारीचा घाव. मागे शत्रूच्या छावणीचे पांढरे तंबू. नाकातली नथ, म्हणजे ती खानदानी घराण्यातली असावी.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. "अहो, हे मी काढलंय!"

"हो, माहितीय की."

"तुम्ही स्टूल धरलं होतंत!"

"धरलं होतं ना. नाही कोण म्हणतंय?"

"मग हे प्राचीन कसं? ते तंबू नाहीत, मीठ आहे. ती आपली मासळीवाली आहे."

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. चाळीस वर्षं ऑफिसात हिशेब तपासलेला माणूस. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर झोप न येणारा. म्हणाले, "तू काढलंस हे खरंच. पण तुला ते सुचलं कुठून, याचा विचार केलायस? या जमिनीत काहीतरी असणार. आपल्याला कळत नाही, पण हातातून उतरतं."

त्या एका वाक्याने माझं चित्र माझ्या हातातून गेलं. मी जितकं "मी काढलं, मी काढलं" म्हणेन, तितका तो चमत्कार मोठा होणार होता.

तरी मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. शांतपणे, मुद्देसूद. चित्र मी काढलं आहे, समोर बसलेल्या मासळीवालीचं आहे, भुवईवर फावड्याची खूण आहे. रंगवतानाचा फोटोही टाकला. त्यावर जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागली. सेक्रेटरींनी लिहिलं, "मॅडम, आपण निमित्तमात्र. आपल्या सोसायटीला हा मान मिळाला." संध्याकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण भेटली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "आंटी, माताजीने आपके हाथ से बनवाया. आप कितनी लकी हो!" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. पाचव्या मजल्यापर्यंत तिने माझे हात सोडले नाहीत.

शेवटी त्या व्हिडिओवाल्याचा नंबर मिळवला आणि त्याला घरी बोलावलं. मला वाटलं होतं कुणीतरी टगा येईल. आला तो एक सडपातळ, नम्र तरुण, भाईंदरला राहणारा. वाकून पाया पडला. चहा घेतला. मी सगळं सांगितलं, तो मान हलवत ऐकत राहिला.

"ही गोष्ट तुला सांगितली कुणी?" मी विचारलं.

"काकू, आधीच्या एका व्हिडिओखाली कुणीतरी कमेंट केली होती."

"आणि त्याला कुणी सांगितली?"

"पूर्वजांकडून आली असणार ना."

"अरे, पण त्या चित्रातली बाई जिवंत आहे! खाली चल, दाखवते. तिच्याकडून मी काल मांदेली घेतली."

तो ओशाळला नाही, चिडलाही नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "काकू, एक सांगू? मी कॉलेजला मुंबईत जायचो. तिथली मुलं म्हणायची, मीरा-भाईंदरला काय आहे? बिल्डिंगा आणि टँकर. मला उत्तर नव्हतं. आता आहे." मग म्हणाला, "आणि अशी कुणी बाई झालीच नाही, हे तुम्ही कसं सिद्ध करणार?"

पोरगं वाईट नव्हतं, हेच तर दुखणं. मी म्हटलं, निदान माझं म्हणणं तरी दाखव. तो आनंदाने तयार झाला. मी बराच वेळ बोलले. मीठ, फावडं, नथ, सगळं. चार दिवसांनी व्हिडिओ आला. त्यात मी होते, बोलत होते, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "खुद्द चित्रकर्तीलाही ठाऊक नव्हतं!" माझी वाक्यं कापून उरलं होतं एवढंच: "मी काढलं... समोर दिसलं ते काढलं... ती जिवंत आहे." यातल्या शेवटच्या वाक्यावर ढोल वाजत होते.

रत्नागिरीहून माझ्या भावाचा फोन आला. त्याला भरून आलं होतं.

यानंतर प्रकरण भराभर वाढलं. चित्रातल्या वीरांगनेला एक नाव मिळालं. ते मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर उद्या तोही पुरावा म्हणून दाखवतील. पुलाच्या दोन्ही बाजूंना बॅनर लागले. एका बाजूच्यांचं म्हणणं ती आमच्या समाजाची, दुसऱ्यांचं म्हणणं आमच्या. दोघांच्या बॅनरवर माझंच चित्र, कडेने कापून, आणि भोवती पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. शत्रूबद्दलही वाद होता. प्रत्येक बाजूचा शत्रू वेगळा, आणि तो योगायोगाने शेजारच्याच सेक्टरमध्ये राहणारा.

एका सकाळी मी भाजी आणायला निघाले आणि पुलावर थबकले. कुणीतरी माझ्या चित्रावर रंग लावला होता. कोयत्याची तलवार झाली होती. पाटीतले बोंबील गेले होते, कारण देवीच्या कमरेला मासळी शोभत नाही. त्या जागी पिवळी फुलं होती. आणि ती तलवार! मूठ एकीकडे, पातं दुसरीकडे, सावली उजेडाच्याच बाजूला पडलेली. सातवीतल्या पोराने असं काढलं असतं तर मी त्याला परत काढायला बसवलं असतं. मला इतका संताप आला की मी तशीच घरी गेले, ब्रश आणि रंग घेऊन आले आणि भिंतीपाशी पोहोचले.

"बाई, चपला काढा," कुणीतरी म्हणालं.

आमच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी बाई होती ती. रायगडकडची. पंपघराच्या पायरीवर बसून वाती वळत होती. मी म्हटलं, "मी माझं चित्र नीट करायला आले आहे."

तिने माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं. "नका हो बाई. माझ्या मुलीचं लग्न मोडत होतं. हिच्याजवळ रडले मी इथे बसून. दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांचा फोन आला. तुमचे उपकार आहेत. पण आता हात नका लावू."

तिच्याशी काय वाद घालणार? मी तिला सांगू का, की बाई, तू बोंबलांच्या पाटीपाशी रडलीस? मी ब्रश पिशवीत टाकला आणि परत आले. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मेथी आणलीस?" मी त्यांच्यावर विनाकारण ओरडले. अगदी विनाकारण नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. मासळीवालीला तिथून उठवलं.

कुणी दमदाटी केली नाही. चांगल्या घरची चार माणसं आली, मावशी-मावशी करत. हे आता पवित्र ठिकाण आहे, इथे मासळी नको, तुम्ही पलीकडे रिक्षास्टँडच्या मागे बसा. तिने पाटी उचलली आणि गेली. मला संध्याकाळी कळलं तेव्हा मी अक्षरशः तिचा हात धरून तिला परत पुलावर आणली. आरतीची वेळ होती, माणसं जमली होती. मी तिला भिंतीजवळ, चित्राच्या बाजूला उभी केली आणि म्हटलं, "बघा. ही भुवई बघा, ती भुवई बघा. नाक बघा. हिचंच चित्र आहे हे. हिलाच तुम्ही इथून हाकललंत."

सगळे बघायला लागले. आधी तिच्याकडे, मग भिंतीकडे, परत तिच्याकडे. ती पदर सावरून ताठ उभी होती. मला वाटलं, झालं. आता तरी डोळ्यांना दिसलं.

सेक्रेटरी पुढे आले, अगदी जवळून निरखून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "खरंच की हो. तीच भुवई." मग वळून लोकांना म्हणाले, "वंशज आहेत!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एका बाईने पुढे येऊन मासळीवालीच्या पायाला हात लावला. ती दचकून मागे सरली आणि माझा हात घट्ट धरला. "बाय, ह्ये काय करतात?" एवढंच म्हणाली.

पुढे जयंती ठरली. तारीख कशी काढली, असं मी विचारलं, तर मंडपवाल्याला त्या आठवड्यात तोच दिवस मोकळा होता. मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. ह्यांना वाटलं मी जाणार नाही. मी गेले. नवी साडी नेसून गेले, कारण मला माइक हवा होता.

व्यासपीठावर मासळीवाली होती, वंशज म्हणून. तिला शाल आणि नारळ दिला. मग माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला आणि शाळेत बोलायचे त्या आवाजात सगळं सांगितलं. "ही कुणी वीरांगना नाही. अशी बाई होऊन गेल्याचं मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. ही मोरव्याची मासळीवाली आहे, ती तुमच्यासमोर बसली आहे. तिला हात जोडायचे तर जोडा, पण तिची बसायची जागा तिला परत द्या." मी माइक ठेवला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक धावत पुढे आला. "किती हा नम्रपणा! कलाकार असावा तर असा! श्रेय घ्यायलासुद्धा तयार नाहीत!"

खाली दुसऱ्या रांगेत आमचे हे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

जागा काही परत मिळाली नाही. त्यानंतर बरेच दिवस मी मासे आणायलाच गेले नाही. तिच्यासमोर जायला नको वाटत होतं. माझ्या चित्राने तिची जागा घालवली, असं मनात बसलं होतं. शेवटी एका रविवारी ह्यांनी बोंबलांचा हट्ट धरला तेव्हा रिक्षास्टँडच्या मागे गेले.

तिच्याभोवती गर्दी होती. चार-पाच बाया, हातात पिशव्या, आणि ती कोयता चालवत चालवत बोलत होती. मागे पत्र्याला बॅनरवरचं ते चित्र कापून लावलेलं. "माज्या पणजीची पणजी ती. लई कडक बाय."

मी गर्दी पांगेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "काय गं, तूसुद्धा? तू बसली होतीस ना माझ्यासमोर? नथ घाल म्हणालीस, नाक मोठं झालं म्हणालीस."

"बसली व्हती तर."

"मग पणजीची पणजी कुठून आली?"

तिने कोयता पाण्यात बुचकळला. "मना काय म्हाईत व्हती का न्हाय. माज्या आजीच्या मागचं नाव पण मना ठाव न्हाय. आमचं कुनी लिवून ठेवलंय? असंल बी येकादी." मग माझ्याकडे बघून हसली. "तुला काय तरास व्हतो? माज्यासारक्या बायला लोक हात जोडतात, तुला बरं वाटत न्हाय?"

"तुला जोडत नाहीत ना! मला तोच त्रास आहे. तुला इथे कचऱ्याच्या डब्याशेजारी बसवलंय, आणि तिकडे भिंतीला हात जोडतायत."

"मना कशाला जोडतील? मी जिती हाय," ती म्हणाली, आणि बोंबील साफ करायला घेतले.

तेवढ्यात आणखी दोघीजणी आल्या. तिने पुन्हा गोष्ट सुरू केली, आणि मी पिशवी धरून ऐकत उभी राहिले. होड्या आल्या, पुरुष बाहेर होते, इथपर्यंत व्हिडिओतलीच. पण मग म्हणाली, "समदे पुरुस काय भाईर न्हवते. तिचा घो घरानच व्हता. पिऊन पडलेला. तिना पैला त्याला कडी घालून कोंडला, कोयता उचलला, न मंग गेली बांधावर. त्याला भाईर ठेवला असता तर दोगांशी लडावं लागलं असतं तिला!" बाया खो-खो हसल्या. एकजण हसता हसता एकदम गप्प झाली आणि पर्समधून पैसे काढायला लागली.

ही गोष्ट व्हिडिओतल्यापेक्षा कितीतरी चांगली होती. मासळीवालीच्या नवऱ्याच्या पिण्याबद्दल मला थोडं माहीत होतं, त्यामुळे ही गोष्ट कुठून आली हेही कळलं. घरी येऊन मी त्या व्हिडिओवाल्या मुलाला फोन लावला आणि म्हटलं, बाबा, एवीतेवी इतिहास सांगतोच आहेस, तर निदान हा पूर्ण सांग.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, हे नको. लोकांच्या भावना दुखावतील. आणि याला पुरावा काय?"

मी फोन ठेवला आणि बोंबील धुवायला घेतले.